फुकट कार्यक्रम, विकाऊ मिनिटं : विनोदवीर बायरन ॲलनचा धंदा नेमका चालतो कसा?

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली ‘द वेदर चॅनल’ ही दिवसरात्र हवामान सांगणारी वाहिनी विकली गेली. विकणाऱ्या तीन मालकांपैकी एक होती एनबीसी युनिव्हर्सल, म्हणजे पर्यायाने तिची मालक असलेली केबल कंपनी कॉमकास्ट. घेणारा होता बायरन ॲलन. याच ॲलनने तीन वर्षांपूर्वी त्याच कॉमकास्टवर २० अब्ज डॉलरचा दावा ठोकला होता, आणि वाहिनीची खरेदी झाली तेव्हाही तो अपिलात चालूच होता. एका दाराने कोर्टात भांडायचं आणि दुसऱ्या दाराने व्यवहार पुरा करायचा, एवढा थंड डोक्याचा माणूस कोण? तर मूळचा स्टँडअप विनोदवीर.

त्याच्यावर लिहिलेलं बरंचसं लिखाण ‘शून्यातून अब्जाधीश’ या छापाचं असतं. गरिबी, जिद्द, आई, यश. ते खोटं नाही, पण त्यातून एक साधी गोष्ट कळत नाही : पैसा आला कुठून? ज्याचे कार्यक्रम बहुतेक लोक झोपलेले असताना लागतात, ज्यांची नावंही सामान्य प्रेक्षकाला आठवत नाहीत, तो माणूस शेकडो दशलक्ष डॉलरची खरेदी करतो कशी? ते समजून घ्यायचं तर टीव्हीचा घाऊक बाजार थोडा उलगडावा लागतो.

आधी माणूस. बायरनचा जन्म १९६१ चा, डेट्रॉइटचा. वडील फोर्डच्या कारखान्यात. आई कॅरोलिन फोक्स बाळंत झाली तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये मोठी दंगल झाली, आणि त्यानंतर ती मुलाला घेऊन लॉस एंजलिसला आली ती तिथलीच झाली. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून तिने चित्रपट-दूरचित्रवाणीचं शिक्षण घेतलं आणि बरबँकच्या एनबीसी स्टुडिओत काम मागायला गेली. ॲलन मुलाखतींत हा प्रसंग रंगवून सांगतो : तिने विचारलं, तुमच्याकडे शिकाऊ उमेदवार घेतात का? उत्तर आलं, तशी काही योजना नाही. मग ती म्हणाली, माझ्यापासून सुरू करा की!

शाळा सुटल्यावर मुलाला सांभाळायला कुणी नाही, म्हणून तो आईबरोबर स्टुडिओत. जॉनी कार्सनचा ‘टुनाइट शो’ हा रात्रीच्या गप्पांचा गाजलेला कार्यक्रम तिथेच चित्रित व्हायचा, रेड फॉक्सची विनोदी मालिका ‘सॅनफर्ड अँड सन’ तिथेच. मुलाने तालमी पाहिल्या, दिवे लावणारे पाहिले, रिकाम्या सेटवरच्या खुर्च्या पाहिल्या. पडद्यावर दिसणारा विनोद आणि त्यामागचा कारखाना अशा दोन्ही गोष्टी त्याला एकदमच दिसल्या. पुढे त्याने जे केलं त्याची मुळं मला या मोकाट हिंडण्यात दिसतात.

चौदाव्या वर्षी तो ‘कॉमेडी स्टोअर’ या क्लबात नवशिक्यांच्या रात्री उभा राहिला. तेव्हा टीव्हीवर गाजत असलेल्या जिमी वॉकरच्या माणसांनी त्याला हेरलं आणि विनोद लिहिणाऱ्यांच्या टोळक्यात घेतलं. त्या टोळक्यात तेव्हा अनोळखी असलेले, पण पुढे रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांचे बडे निवेदक झालेले दोन तरुण होते : जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन. भाव होता विनोदाला २५ डॉलर. १९७९ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, ॲलन ‘टुनाइट शो’वर झळकला. तिथे कला सादर करणारा तोवरचा सगळ्यात लहान विनोदवीर. लगेचच एनबीसीने त्याला ‘रिअल पीपल’ या साप्ताहिक कार्यक्रमात निवेदक म्हणून घेतलं, आणि पुढची पाच वर्षं देशभर फिरून तो गावोगावच्या चमत्कारिक माणसांना भेटत राहिला. १९८९ पासून तीनेक वर्षं स्वतःच्या नावाचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रमही केला. तो काही लेनो-लेटरमनच्या पंगतीत बसला नाही. कलाकार म्हणून त्याची मजल साधारण इथवरच होती, असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होणार नाही.

१९९३ मध्ये त्याने घरातल्या जेवणाच्या टेबलावर कंपनी काढली. नाव सीएफ एंटरटेन्मेंट. सीएफ ही आईच्या नावाची आद्याक्षरं. आईही पुढे कार्यक्रमांची निर्माती म्हणून कंपनीत आली. पहिला माल होता तासाभराचा ‘एंटरटेनर्स’, सिनेनट-नट्यांच्या मुलाखतींचा. हा कार्यक्रम तो स्टेशनांना फुकट देणार होता.

अमेरिकेत टीव्हीची रचना आपल्यासारखी नाही. झी किंवा कलर्सचा सिग्नल आपल्याकडे उपग्रहावरून देशभर एकसारखा दिसतो. तिकडे एनबीसी, सीबीएस, एबीसी ही नेटवर्क असली तरी प्रत्येक शहरात त्यांचे कार्यक्रम दाखवतं ते तिथलं स्थानिक स्टेशन. बऱ्याच स्टेशनांचे मालक वेगळे असतात. नेटवर्क दिवसाचे काही तास भरतं, उरलेले तास स्टेशनाने स्वतःच भरायचे. दुपार, शनिवार-रविवारची सकाळ, मध्यरात्रीनंतरचे तास. स्थानिक बातम्या करून किती करणार? म्हणून स्टेशनं बाहेरून तयार कार्यक्रम घेतात. एकच कार्यक्रम असा शेकडो स्टेशनांना स्वतंत्रपणे विकण्याच्या धंद्याला सिंडिकेशन म्हणतात.

गाजलेल्या कार्यक्रमांना स्टेशनं रोख पैसे मोजतात. पण ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यासाठी दुसरा रस्ता असतो, बार्टर. आपल्याकडे अर्धेलीने शेत कसायला देतात, तसलाच हा करार. जमीन स्टेशनाची, म्हणजे वेळ त्याचा. कसणारा निर्माता, कार्यक्रम त्याचा. आणि पीक म्हणजे जाहिरातीची मिनिटं, ती निम्मी निम्मी. तासाभराच्या कार्यक्रमात चौदा मिनिटं जाहिराती असतील तर सात स्टेशनाने विकायची, सात ॲलनने.

स्टेशनाच्या बाजूने हा सौदा नाकारण्यासारखा नाही. फुकट ते पौष्टिक. रिकामा तास भरला, खिशातून दमडी गेली नाही, आणि गावातल्या मोटारविक्रेत्याच्या चार जाहिराती लावून थोडी कमाईही झाली. खरी मेख ॲलनच्या वाट्याच्या सात मिनिटांत आहे.

एका शहरातली, रात्री दीड वाजताची सात मिनिटं कवडीमोलाची असतात. टूथपेस्टची बडी कंपनी एकेका गावासाठी करार करत बसणार नाही. पण तीच सात मिनिटं दीडशे शहरांत मिळाली तर? हिशेबापुरतं समजू की प्रत्येक शहरात वीस हजार लोक जागे राहून कार्यक्रम बघतात. दीडशे शहरं म्हणजे तीस लाख प्रेक्षक. आता हातात आहे ती राष्ट्रीय जाहिरात. दीडशे मालकांच्या दीडशे निरुपयोगी तुकड्यांची मोट बांधून एक मोठा, विकण्याजोगा माल तयार झाला. स्टेशनाला हे स्वतः जमत नाही, कारण त्याच्या हातात फक्त एक गाव असतं.

अडचण एकच, पण ती मोठी. या धंद्यात देशातली साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त घरं कार्यक्रमाच्या टप्प्यात आल्याशिवाय राष्ट्रीय जाहिरातदार त्याला राष्ट्रीय मानत नाहीत. म्हणजे पन्नास स्टेशनांनी हो म्हटलं तर पन्नास स्टेशनांपुरती कमाई, असं होत नाही. त्या रेषेच्या अलीकडे जवळपास काहीच नाही, पलीकडे गेलात तर दुकान उघडलं. म्हणून ॲलन टेबलाशी बसून देशभरातल्या स्टेशनांना एकामागून एक फोन करत राहिला. बहुतेकांनी अनेकदा नाही म्हटलं, तो पुन्हा फोन करत राहिला. लोक याला चिकाटी म्हणतात. चिकाटी होतीच, पण त्यामागे गणितही होतं : अर्ध्यावर थांबण्यात काही अर्थच नव्हता.

हा माल तो इतक्या स्वस्तात बनवत कसा होता, हेही गमतीचं आहे. नवा सिनेमा येणार असला की हॉलिवूडचे स्टुडिओ एखादं हॉटेल घेतात, खोलीत कॅमेरे आणि दिवे लावतात, आणि नटनट्यांना दिवसभर बसवून पत्रकारांना पाचपाच मिनिटांच्या मुलाखती देतात. खर्च सगळा स्टुडिओचा, कारण प्रसिद्धी त्यांना हवी असते. ॲलन अशा मुलाखती घ्यायचा आणि त्या जोडून तासाचा कार्यक्रम उभा करायचा. ताऱ्यांचं मानधन शून्य, सेटचा खर्च जवळपास शून्य. विनोदवीर असल्याचा उपयोग इथे झाला : पाच मिनिटांत अनोळखी माणसाला हसवून बोलतं करणं हे त्याचं शिकलेलं काम होतं.

तरीही पहिली वर्षं भयंकर गेली. कारण बार्टरमध्ये खर्च आज होतो आणि पैसे महिनोनमहिने उशिरा येतात. कार्यक्रम बनवायचा, पाठवायचा, तो दाखवला जाणार, प्रेक्षकांची मोजणी होणार, मग जाहिरात एजन्सी बिल चुकवणार. मधल्या काळात पगार आणि वीजबिल थांबत नाही. आपलं घर त्या काळात कर्जफेड थकल्यामुळे पुन्हा पुन्हा जप्तीच्या उंबरठ्यावर आलं होतं, असं ॲलन स्वतः सांगतो. बँकेकडे तारण ठेवायला होतं काय? न विकलेली मिनिटं!

एकदा गाडी रुळावर आल्यावर त्याने तीच युक्ती गुणत नेली. एका विक्रेत्याला एक कार्यक्रम विकायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच दहा विकता येतात. स्वयंपाक, मोटारी, पाळीव प्राणी, प्रवास. मग न्यायालयाचे कार्यक्रम : एक निवृत्त न्यायाधीश, एक वादी, एक प्रतिवादी, अर्ध्या तासात निकाल. इतर कंपन्या अशा कार्यक्रमांसाठी खरे दावेदार आणतात. ॲलनच्या कंपनीने लिहिलेले खटले आणि नट वापरले, म्हणजे दावेदारांच्या मागे धावण्याचा खर्चही वाचला.

२००६ मध्ये आलेला ‘कॉमिक्स अनलीश्ड’ हा मात्र त्याच्या डोक्याचा खरा नमुना. चारपाच विनोदवीर खुर्च्यांवर बसतात, ॲलन प्रत्येकाला एक सोयीचा प्रश्न टाकतो, आणि समोरचा आपला ठरलेला किस्सा सांगतो. नियम असा की चालू घडामोडींवर विनोद नको. निवडणूक नको, या आठवड्यातला घोटाळा नको. लग्न, सासू, विमानप्रवास, लठ्ठपणा, यांवर काय वाटेल ते बोला. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांचा प्राण म्हणजे आजच्या बातमीवर आजचा टोला, आणि म्हणूनच तो टोला महिन्याभरात शिळा होतो. ॲलनने नेमका तो प्राण काढून टाकला, आणि त्याचे भाग वर्षानुवर्षं पुन्हा लावता येऊ लागले. हक्क त्याचेच, त्यामुळे दर फेरीला जाहिरातीची मिनिटंही त्याचीच. विनोदाची धार बोथट होते हे खरं, आणि समीक्षकांनी ते ऐकवलंही. पण गोदामात ठेवायला तो माल उत्तम.

२००९ च्या सुमारास त्याने स्वतःच्या केबल वाहिन्या काढल्या. इथून खेळ बदलतो. वाहिनी घरात पोचते ती केबल कंपनीमार्फत, आणि केबल कंपनी प्रत्येक ग्राहकामागे दरमहा काही सेंट वाहिनीला देते. कोटभर ग्राहक असतील तर या चिल्लरीचा डोंगर होतो, प्रेक्षक बघोत न बघोत. फक्त दाराशी द्वारपाल उभा असतो. कॉमकास्ट हा तेव्हाचा सगळ्यात मोठा द्वारपाल, आणि त्याने दार उघडलं नाही. आमच्याकडे जागा कमी आहे, या वाहिन्यांना मागणी नाही, आम्हाला बातम्या आणि खेळ हवेत, असं कंपनीचं म्हणणं. ॲलनचं म्हणणं, मालक कृष्णवर्णीय आहे म्हणून दार बंद आहे.

२०१५ च्या त्या दाव्यासाठी त्याने १८६६ चा कायदा उकरला. यादवी युद्ध संपून गुलामगिरी नुकतीच गेली होती. मुक्त झालेल्या माणसाला जमीन घ्यायची, मजुरीचा करार करायचा, तर समोरचा गोरा नकार देऊ शकत होता. म्हणून कायदा झाला की करार करण्याचा हक्क गोऱ्या नागरिकाला जितका, तितकाच सर्वांना. आज त्या तरतुदीला कलम १९८१ म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतमजुरासाठी केलेला कायदा केबलच्या करारालाही लागू, असा ॲलनचा डाव होता.

खालच्या न्यायालयाने दावा तीनदा फेटाळला. नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या अपील न्यायालयाने २०१८ च्या अखेरीस तो जिवंत केला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे प्रश्न अगदी नेमका होता. नकाराच्या पाच कारणांपैकी वंश हे एक कारण होतं, एवढं दाखवणं पुरे का? की वंश वेगळा असता तर करार झालाच असता, हे दाखवावं लागेल? पहिल्या कसोटीत दावा पुढे नेणं सोपं, दुसरीत फार अवघड, कारण कंपनीच्या आतली कागदपत्रं दावेदाराकडे सुरुवातीला नसतातच. २३ मार्च २०२० रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी दुसरी कसोटी उचलून धरली. निकाल न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी लिहिला, आणि दावा नव्या कसोटीवर घासायला खाली परत पाठवला.

कायद्याच्या पुस्तकात ॲलन हरला. वंशभेदाचे असे दावे आता सगळ्यांसाठीच अवघड झाले, आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना ज्याची भीती होती तेच झालं. त्याच्या चाहत्यांच्या लेखांत हा भाग सहसा पुसट असतो. पण धंद्यात तो हरला नाही. जून २०२० मध्ये कॉमकास्टशी तडजोड झाली आणि त्याच्या तीन वाहिन्या कॉमकास्टच्या यादीत आल्या. दुसरी बडी केबल कंपनी चार्टर, तिच्याशीही पुढच्या वर्षी मिटलं.

आता वेदर चॅनलचा भाव. तो सुमारे ३० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. २००८ मध्ये आधीच्या मालकांनी या व्यवसायासाठी साधारण साडेतीन अब्ज मोजले होते. दहा वर्षांत एवढी घसरण? पूर्णपणे तशी नाही. मधल्या काळात संकेतस्थळ, मोबाइल ॲप आणि हवामानाची आकडेवारी हा मलईचा भाग आयबीएमला गेला होता. ॲलनने घेतली ती उरलेली टीव्ही वाहिनी. सकाळी छत्री न्यायची की नाही हे बघायला लोक फोन काढू लागल्यावर अशा वाहिनीला फार गिऱ्हाईक नव्हतं. पण ती कोट्यवधी घरांत आधीच पोचलेली होती आणि दरमहाची ती चिल्लर नियमित येत होती. ज्याने द्वारपालांच्या दाराशी वर्षानुवर्षं काढली, त्याला आत बसलेली वाहिनी मिळाली.

२०१९ पासून त्याने उलट्या दिशेने मोर्चा वळवला आणि स्थानिक स्टेशनंच विकत घ्यायला लागला. आधी चार स्टेशनं १६.५ कोटी डॉलरना, मग २९ कोटींना आणखी ११, असं करत आकडा पंचविसाच्या पुढे गेला. मला हे वळण सगळ्यात धोक्याचं वाटतं. तोवरची त्याची सगळी हुशारी दुसऱ्याच्या जमिनीवर पीक काढण्यात होती. आता त्याने जमीनच घेतली, तीही कर्ज काढून, आणि नेमकी तेव्हा जेव्हा लोक केबल तोडून इंटरनेटकडे निघाले होते. २०२२ नंतर व्याजदर चढले. कर्जाचा हप्ता वाढत गेला आणि जाहिरातीची मिनिटं स्वस्त होत गेली.

या काळात त्याच्या नावाच्या मोठमोठ्या बातम्या येत राहिल्या. डेन्व्हर ब्रॉन्कोज हा फुटबॉल संघ, एबीसी नेटवर्क, आणि जानेवारी २०२४ मध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटसाठी १४.३ अब्ज डॉलरची बोली. यातलं काहीच त्याच्या हाती आलं नाही, आणि एवढे पैसे आणणार कुठून हा वॉल स्ट्रीटचा प्रश्न रास्त होता. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने स्टेशनांमधले स्थानिक हवामान निवेदक काढून सगळ्यांचं हवामान अटलांटाहून, वेदर चॅनलच्या स्टुडिओतून देण्याचं ठरवलं. कागदावर बचत उत्तम. पण चक्रीवादळाच्या रात्री माणसाला आपल्या तालुक्याची खडान्‌खडा माहिती असलेला ओळखीचा चेहरा हवा असतो. गावोगावी बोंब झाली आणि कंपनीला पाऊल मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये स्टेशनं विकायला काढल्याचं जाहीर झालं, आणि ऑगस्टमध्ये दहा स्टेशनं १७.१ कोटी डॉलरना ग्रे या कंपनीला द्यायचा करार झाला.

जमीन विकायला काढताना कसणं मात्र त्याने सोडलेलं नाही. २०२३ मध्ये सीबीएसवरचा जेम्स कॉर्डनचा रात्रीच्या गप्पांचा कार्यक्रम संपला, तेव्हा मध्यरात्रीनंतरची ती जागा काही महिने ‘कॉमिक्स अनलीश्ड’च्या जुन्या भागांनी भरली, आणि २०२५ च्या शरद ऋतूपासून तो कार्यक्रम तिथे परत आला. यावेळचा करार अर्धेलीचा नाही, खंडाचा आहे. ॲलन सीबीएसला त्या वेळेचं ठरावीक भाडं देतो आणि जाहिराती स्वतः विकतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरच्या प्रायोजित मालिकांचे निर्माते हेच करायचे : प्रक्षेपणाचं शुल्क भरायचं, बदल्यात जाहिरातीचे ठरलेले सेकंद घ्यायचे आणि ते विकून खर्च वसूल करायचा. नेटवर्कच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. रोज नवा कार्यक्रम करायचा तर लेखक हवेत, वादक हवेत, वर्षाकाठी कोट्यवधींचा खर्च. त्याऐवजी इथे उलट भाडं मिळतं. मिनिटं चढ्या भावाने गेली तर वरचा सगळा नफा ॲलनचा, आणि पडून राहिली तरी सीबीएसचं भाडं त्याला भरावंच लागतं.